वामनदादा आणि माळ्यावरची पेटी

महाकवी वामनदादा कर्डक यांच्या गाण्याशिवाय महाराष्ट्रात भीमजयंती साजरी होत नाही. पालघर जिल्ह्यातही होत नाही. १४ एप्रिलच्या संध्याकाळी बोईसरच्या वस्त्यांतून, तारापूरच्या कामगार चाळींतून, पालघरच्या बुद्धविहारांतून जी गाणी लागतात, त्यांतली कितीतरी दादांची असतात. ऐकणाऱ्या तरुणांना गायक ठाऊक असतो, चाल पाठ असते. गाणे लिहिले कोणी, असे विचारले की मात्र अनेकांची मान खाली जाते. आणि ही गाणी वस्तीवस्तीत ज्या पेट्यांवर बसवली गेली, त्या पेट्या आज कुठे आहेत, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. हे दोन्ही प्रश्न आज आम्हाला एकत्र मांडायचे आहेत, कारण ते एकमेकांपासून वेगळे नाहीत.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. वडिलांचे नाव तबाजी, आईचे सईबाई. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी दादा बरोबर २५ वर्षांचे झाले. पण ज्या समाजात ते जन्मले, त्या समाजाच्या वाट्याला शाळा नव्हती, पाणवठा नव्हता आणि देवळाची पायरीही नव्हती. पोरवयात गुरे राखायची, पडेल ते काम करायचे, हेच त्यांचे शिक्षण. दादा सात वर्षांचे असताना, २ मार्च १९३० रोजी, त्यांच्याच जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ते तेरा वर्षांचे असताना, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे ज्या मातीत हा कवी वाढला, ती माती त्या काळात नुसती तापलेली नव्हती, ती पेटलेली होती.

पुढे पोटासाठी आईबरोबर मुंबई गाठली. शिवडीच्या बीडीडी चाळीत आसरा मिळाला. दादांनी गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत काम केले, चिक्की विकली, आईसफ्रूट विकले. सिनेमात नट व्हावे म्हणून स्टुडिओच्या दारात उभे राहिले, एक्स्ट्रा म्हणून कामे केली. मुंबईत आलेल्या लाखो कष्टकऱ्यांचे जे झाले, तेच त्यांचेही झाले असते. एक नाव हजेरीच्या वहीत चढले असते आणि एक दिवस खोडले गेले असते. तसे झाले नाही, याचे श्रेय समता सैनिक दलाला आणि बाबासाहेबांच्या सभांना आहे. दलात दादा शिस्त शिकले, सभांत विचार ऐकला. तिथून पुढे हा माणूस पोटापुरता जगणारा राहिला नाही.

दादांच्या अक्षरओळखीची हकीकत चळवळीत सर्वांना माहीत आहे, पण ती नव्या पिढीला पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे. एक माणूस पत्र घेऊन आला आणि त्याने ते दादांना वाचून दाखवायला सांगितले. अंगापिंडाने मजबूत, दलात मान असलेला हा तरुण, पण त्याला अक्षर येत नव्हते. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. चाळीतल्या एका शिक्षकाकडून ते बाराखडी शिकले. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या लावून लावून वाचू लागले. ज्याने पाटी-पेन्सिल हातात धरली नव्हती, त्याने मुंबईच्या बाजारालाच आपली पाटी केली. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र आपण भिंतीवर लिहितो. दादांनी तो अंगावर घेतला.

३ मे १९४३ रोजी दादांनी पहिले गाणे रचले. ते एका हिंदी सिनेमागीताच्या चालीवरचे विडंबन होते. लोक हसले, लोकांना आवडले, आणि दादांच्या ध्यानात आले की आपल्या शब्दाला लोक थांबून ऐकतात. चाल उसनी होती, यावर पुढे अनेक पंडितांनी नाके मुरडली. पण त्यात कमीपणा कसला? सिनेमाची चाल गिरणी कामगाराच्या कानात आधीच बसलेली असे. ती त्याला नव्याने शिकवावी लागत नसे. त्या चालीत नवा विचार घातला की तो विचार घरोघरी जायला वेळ लागत नव्हता. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या समाजात गाणे हेच वर्तमानपत्र होते.

दादांच्या आधी ही वाट मळलेली होती, हेही सांगितले पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीच्या पोटी सत्यशोधक जलसा जन्मला. तमाशाचा बाज घेतला, पण गण-गवळणीतला देव आणि बाईची चेष्टा काढून टाकली आणि त्या जागी शिक्षण, समता, भटशाहीवर प्रहार हे विषय आणले. पुढे नाशिकच्याच भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला आणि गावोगाव बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. त्यांनी १९७८ मध्ये जलशांच्या स्वरूपावर आणि कार्यावर पुस्तकही लिहून ठेवले. वामनदादा या परंपरेचे वारस. जलशात सोंग होते, संवाद होता, फार्स होता. दादांनी त्यातले गाणे उचलले आणि ते एकटे उभे राहू शकेल इतके भक्कम केले.

आता पेटीकडे येऊ. हार्मोनियम हे वाद्य आपल्या मातीतले नाही, ते एकोणिसाव्या शतकात युरोपात जन्मले. तिकडे ते पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवत. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास एका हाताने भाता हलवून, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी पेटी बनवली आणि मग ती देशभर पसरली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी तिला उचलून धरले. पण ती खरी घरची झाली भजनी मंडळांत, तमाशाच्या फडांत आणि जलशात.

याची कारणे साधी आहेत. पेटी एक माणूस खांद्यावर मारून पाच कोस चालू शकतो. माईक नसला तरी तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो. तिचा सूर ठरलेला असतो, त्यामुळे गाण्याचे शिक्षण न घेतलेली दहा माणसे कोरसला उभी राहिली तरी त्यांना धरायला एक दोरी मिळते. आणि महत्त्वाचे म्हणजे ती शिकायला गुरूच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरावे लागत नाही. ज्यांना गुरूच्या घरात प्रवेशच नव्हता, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती. कानाने चाल उचलायची आणि बोटाने पट्ट्यांवर शोधायची, एवढ्यावर आपल्या वस्त्यांतून शेकडो पेटीवाले तयार झाले.

या पेटीला प्रस्थापितांनी काय वागणूक दिली, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी घातली. कारण असे दिले गेले की हे वाद्य परके आहे, त्यात श्रुती नाहीत, मींड घेता येत नाही, भारतीय संगीताचे शुद्धत्व त्याने बिघडते. रवींद्रनाथ टागोरांसारख्या मोठ्या माणसाचाही पेटीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतरही ही बंदी चालूच राहिली. १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात तर सिनेमाची गाणीही आकाशवाणीवरून हद्दपार झाली होती. पेटीवरची बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये, तीही अंशतः.

पेटीत मींड येत नाही, हे खरे आहे. तिचे बारा सूर ठरलेले आहेत, हेही खरे आहे. संगीताच्या जाणकारांचा हा आक्षेप आम्ही खोटा ठरवत नाही. ही बंदी आपल्या समाजाविरुद्ध घातली, असेही आमचे म्हणणे नाही. नाटकातल्या आणि मैफलीतल्या नामवंत पेटीवादकांनाही तिचा फटका बसलाच. पण परिणाम पाहा. दादांनी पहिले गाणे १९४३ मध्ये लिहिले आणि त्यांचा पहिला मोठा संग्रह ‘वाटचाल’ १९७३ मध्ये आला. या तीस वर्षांतली जवळजवळ सगळी वर्षे, देशाच्या सरकारी रेडिओवर ज्या वाद्याला जागा नव्हती, त्याच वाद्यावर आपल्या समाजाचे गाणे उभे होते. ज्या चाली सिनेमाच्या म्हणून हलक्या, त्याच चाली आपल्या. शुद्धत्वाच्या नावाने दार लावणे या देशाला नवे नाही. दार लावणारा प्रत्येक वेळी तुमच्या तोंडावरच लावतो असे नाही, पण बाहेर राहतात ती माणसे बहुधा तीच असतात.

दादा मात्र रेडिओसाठी थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला होता. नेते वाटावाटीत गुंतले, पक्ष फुटले. अशा वेळी ज्यांनी गावागावांत जाऊन बाबासाहेब जिवंत ठेवले, त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गायकांचा वाटा मोठा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वामनदादा अंगावरच्या कपड्यानिशी निघत. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. समाजमंदिरात मुक्काम, मिळेल ती भाकरी. बाबासाहेबांवर, बुद्धावर, रमाईवर, फुल्यांवर, शेतमजुरावर, भाकरीच्या हिशेबावर, दारूच्या नाशावर त्यांनी लिहिले. त्यांची गाणी दहा हजारांच्या घरात असल्याचे चळवळीत सांगितले जाते. धम्म म्हणजे काय, हे ज्या म्हातारीला ग्रंथातून कळले नसते, तिला ते दादांच्या गाण्यातून कळले.

या फिरतीची किंमत घराने मोजली. पहिला संसार टिकला नाही. लेक मीरा अकाली गेली. पुढे शांताबाईंनी साथ दिली आणि या भटक्या कवीचे घर सांभाळले. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना अशा बाया एका ओळीत संपवल्या जातात. पण दादा ज्या निर्धास्तपणे घराबाहेर पडत, तो निर्धास्तपणा कोणीतरी घरात राहून कमावलेला होता.

मराठी सिनेमाचे दारही दादांना थोडे उघडले. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. पण त्यांचा जीव पडद्यावर रमला नाही, तो वस्तीत रमला. ‘वाटचाल’ नंतर १९७६ मध्ये ‘मोहळ’ आणि १९७७ मध्ये ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह आले. १९९३ मध्ये वर्ध्याला पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, तो साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. १९९६ मध्ये ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मचरित्र आले. १५ मे २००४ रोजी दादा गेले. पुढच्याच महिन्यात, २३ जूनला, आंबेडकरी गाणे घराघरांत पोहोचवणारे प्रल्हाद शिंदेही गेले. एका वर्षात शब्दही गेला आणि आवाजही गेला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली. कापड, औषधे, रसायने, पोलाद यांचे कारखाने आले. त्या कारखान्यांत राबायला मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, नाशिककडून आपली माणसे आली. येताना त्यांनी पत्र्याच्या पेटीत दोन कपडे आणले, बाबासाहेबांची तसबीर आणली आणि ओठांवर वामनदादा आणले. पहिल्या पाळीतून सुटलेला कामगार संध्याकाळी ढोलकीवर बसे, दुसऱ्या पाळीवाला रविवारी पेटी घेई. पैसे गोळा करून जुनी पेटी विकत घ्यायची आणि गायन पार्टी काढायची, हा अनेक वस्त्यांचा पहिला सार्वजनिक उपक्रम होता. विहार नंतर बांधला गेला, पेटी आधी आली.

त्या पेट्या आज माळ्यावर आहेत. कीबोर्ड आला, ट्रॅकवर गाणे आले, डीजे आला. समुद्राकडून खारा वारा येतो, चार महिने पाऊस असतो. त्यात पेटीचे चामडे बुरसते, भात्याचा कापड सडतो, स्प्रिंगा गंजतात, पितळेच्या सुरांवर हिरवा थर चढतो, लाकडाला वाळवी लागते. मग एक दिवस भंगारवाला येतो आणि पितळेच्या भावाने पेटी घेऊन जातो. वस्तीचा इतिहास किलोवर विकला जातो.

जगात इतरत्र काय घडले, हे या ठिकाणी सांगितले पाहिजे. अमेरिकेत लुइझियाना नावाचे राज्य आहे. १७५५ पासून इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकललेले फ्रेंच भाषिक गोरे शेतकरी तिथे येऊन राहिले. त्यांना केजन म्हणतात. त्यांच्या शेजारी गुलामांच्या वंशातले फ्रेंच बोलणारे काळे लोकही राहतात. या दोघांच्या संगीताचा कणा म्हणजे ॲकॉर्डियन, दहा बटणांचा छोटा भाता. आपली पेटी आणि तो ॲकॉर्डियन एकाच घराण्यातले. दोन्हींत वारा पितळेच्या किंवा पोलादाच्या जिभेवरून जातो, जीभ थरथरते आणि सूर निघतो. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासींचा तारपाही याच तत्त्वाचा. भोपळ्यात बसवलेल्या बांबूच्या जिभेवर वादकाचा अखंड श्वास चालतो आणि त्या सुरावर अख्खा पाडा फेर धरतो.

त्या केजन संगीताचा पाया घालणाऱ्यांत एक काळा माणूस होता, अमेदे आर्दवाँ. जन्म ११ मार्च १८९८. बटाईने दुसऱ्याची शेती कसणाऱ्या घरातला. शेतात त्याचे मन रमले नाही, तो ॲकॉर्डियन पिशवीत घालून नाचगाण्याच्या जागी पायी जाई. डेनिस मॅकगी हा गोरा व्हायोलिनवाला त्याचा जोडीदार. दोघे एकाच मालकाच्या जमिनीवर राबत. १९२९ च्या डिसेंबरात दोघांनी मिळून पहिल्या तबकड्या केल्या. १९३४ पर्यंत आर्दवाँची ३४ गाणी ध्वनिमुद्रित झाली. गोऱ्यांच्या नाचात तो वाजवू शकत होता, पण त्यांच्यात बसू शकत नव्हता.

तिथल्या समाजात सांगितली जाणारी हकीकत अशी, की १९३० च्या दशकाच्या अखेरीस एका नाचात घामाने निथळणाऱ्या आर्दवाँला एका गोऱ्या मुलीने तोंड पुसायला आपला रुमाल दिला. तेवढ्यावरून काही गोऱ्यांनी त्याला रात्री वाटेत गाठून इतके मारले की तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. ३ नोव्हेंबर १९४२ रोजी पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो मेला. त्याला सामायिक दफनभूमीत पुरले. त्याच्या कबरीवर नाव नाही. एका रुमालाचा विटाळ काय असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. चवदार तळ्याच्या पाण्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना रुमालाचा अर्थ लगेच कळतो.

पुढची गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाने जर्मनीतून येणारे ॲकॉर्डियन बंद झाले. मोनार्क, स्टर्लिंग अशा नावांची युद्धापूर्वीची जर्मन वाद्ये दुर्मीळ झाली. मग तिथल्या कारागिरांनी जुनी मोडकी वाद्ये उघडली, त्यांतले सूर काढून नव्या लाकडात बसवले, त्यांची मापे घेऊन नवी वाद्ये घडवली. लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राऊनने हे काम आधी सुरू केले. युनिस गावात मार्क सव्हॉयने १९६० च्या दशकात आपले दुकान थाटले. आज ती जुनी काळी वाद्ये संग्राहक जीव लावून जपतात, दुरुस्त करतात, वाजवतात. पण ज्याच्या बोटांनी त्या वाद्याला तिथली भाषा शिकवली, त्याचा पुतळा उभा राहायला २०१८ साल उजाडले. ओपेलुसास येथे तो उभा आहे. वाद्य जपले गेले, माणूस हरवला.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडते आहे. आपण माणसाची तसबीर लावतो, जयंती करतो, चौकाला नाव देतो, आणि त्याच्या गाण्याचा देह मात्र भंगारात जाऊ देतो. दोन्ही अर्धे काम आहे. वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. आज कार्यक्रमात वेळ वाचवायला शेवटचे कडवे गाळले जाते. कडवे गळले की कवीही गळतो. आणि दादांच्या मागे बसलेले पेटीवाले, ढोलकीवाले, कोरसवाले यांना तर कडवेच नाही. त्यांचे नाव कुठे लिहिले असेल, तर ते पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने, नाहीतर चाकूने कोरलेले असते. पेटी गेली की तेवढीही नोंद जाते. म्हणून पेटी वाचवणे हा हौशी लोकांचा छंद नाही, तो चळवळीच्या दप्तराचा प्रश्न आहे.

पेटी दुरुस्त होते, हे आधी समजून घ्यावे. पेटीचा जीव भात्यात असतो आणि तिची ओळख सुरांत असते. भाता फुटला, तर कापड आणि चामडे बदलून तो नवा करता येतो. भाता भरून सगळे स्टॉप बंद करावेत. तो लगेच खाली बसला, तर वारा कुठेतरी गळतो आहे. पट्टी न दाबता सूर बोलू लागला, तर खालचे चामडे कडक झाले आहे किंवा स्प्रिंग मेली आहे. ही सगळी स्वस्तातली कामे आहेत. सुरांचे मात्र जपून करावे. पितळी जीभ टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. जास्त खरवडली की जीभ मरते आणि ती परत येत नाही. जुन्या पेट्यांत जर्मन सूर सापडतात, पालिताण्याचे सापडतात. दुरुस्ती करणारा ते काढून नवे बसवू म्हणाला, तर एकदम होकार देऊ नये. ज्या सुरांवर आपल्या बापाने गाणे धरले, ते सूर आधी साफ करून, लावून पाहावेत. खर्ज, नर, मादी यांतली एखादी जीभ तुटली असेल, तर तेवढीच बदलावी. झाकणावरची नावे, तारखा, देणगीदारांची यादी पॉलिशच्या नादात घासून टाकू नये. आधी फोटो काढावा, मग हात लावावा. आणि दुरुस्त झालेली पेटी कपाटात कुलूप लावून ठेवू नये. पेटी वाजती राहिली तरच टिकते. पावसाळ्यात तर ती दर आठवड्याला वाजलीच पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, डहाणू इथल्या प्रत्येक बुद्धविहार समितीने एक वही घालावी. वस्तीत जुनी पेटी, ढोलकी, तुणतुणे कोणाकडे आहे, ते कोणी आणले, त्यावर कोण वाजवत असे, कोणती गाणी बसवली होती, याची नोंद करावी. साठी-सत्तरी ओलांडलेले जे पेटीवाले आणि गायिका आज हयात आहेत, त्यांच्यासमोर मोबाईल ठेवून त्यांची गाणी शेवटच्या कडव्यासह रेकॉर्ड करावीत. डीजेसाठी होणाऱ्या वर्गणीतला एक दिवसाचा खर्च बाजूला काढला, तर एका वस्तीची पेटी उभी राहते. आयटीआयमध्ये शिकणारी, कारखान्यांत फिटर म्हणून लागलेली आपली पोरे हे काम शिकू शकतात. ज्या हातांना मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो, त्या हातांना सुराची जीभ कळायला अवघड नाही. आदिवासी बांधवांकडे तारपा बनवण्याचे ज्ञान अजून जिवंत आहे. त्यांच्या वाद्याचा आणि आपल्या वाद्याचा एकत्र कार्यक्रम व्हावा. १ ऑगस्ट ही अण्णाभाऊ साठे यांची जयंती. २०१४ मध्ये याच दिवशी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्या कार्यक्रमासाठी याहून चांगला दिवस कोणता?

काही वाचक म्हणतील, शिष्यवृत्ती अडकली आहे, कंत्राटी कामगाराला वेतन नाही, अत्याचार थांबलेले नाहीत, आणि तुम्ही पेटीचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण ते लढे उभे राहिले कशावर? मोर्चाच्या आदल्या रात्री वस्ती जागी कोणी केली? भाषण संपल्यावर लोक पांगू नयेत म्हणून पेटी कोणी धरली? संघटनेचे कार्यालय नव्हते, फंड नव्हता, छापखाना नव्हता, तेव्हा पेटी होती.

ज्या जिल्ह्यात सोपारा आहे, त्या जिल्ह्याला जतनाचे महत्त्व सांगण्याची गरज पडू नये. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकलला आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच गावात मिळाला. दोन हजार वर्षे मातीत पडलेला दगड बोलला, कारण तो दगड होता. पेटी लाकडाची आणि चामड्याची आहे. ती दोन हजार वर्षे वाट पाहणार नाही, दोन पावसाळेही पाहणार नाही. वामनदादांनी विशीत अक्षरे गिरवली आणि मरेपर्यंत ती समाजाला परत केली. त्या माणसाच्या समाजाने आपल्या पेटीच्या झाकणावर कोरलेली नावे तरी वाचून ठेवावीत. जय भीम.